सरूबाईचा रांजण

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुला का सांगतोय—ठाऊक नाही. पण आता गप्प बसवत नाही.

बहात्तरच्या दुष्काळात मी जामखेडला हायस्कूलात विज्ञान शिकवायचो. राहत्या खोलीत काचेची पेटी होती, तिच्यात समुद्राचं पाणी आणि कोकणातून आणलेले चार पट्टेरी मासे. पाणी कॅनमध्ये भरून एसटीनं आणायचो. लोक हसायचे—हसू देत. वेड होतं मला, दुसरं काय? पण ते मासे मेलेलं काही तोंडात घेत नसत. म्हणून परसात, पोत्याच्या आडोशाला, एक पिंप ठेवलं आणि त्यात डासांच्या अळ्या वाढवल्या. तेही टँकरच्या पाण्यात. सगळी गल्ली घागरभर पाण्याला महाग असताना.

अळ्या पाण्याला समांतर, आडव्या पडायच्या. म्हणजे हिवतापाचेच डास. मला कळत नव्हतं? अरे, मीच ते वर्गात फळ्यावर काढून दाखवायचो. रोज फडक्यानं गाळून घेतो, एकही उडत नाही—अशी मनाची समजूत घातली होती. उडत होते.

गल्लीत ताप आला. शेजारच्या सरूबाईची सून, कमल, हुडहुडी भरून पडली. सरूबाई दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि आल्यावर हंड्या-हंड्यानं रांजण भरायची. मग मलेरियाचा माणूस आला. 'सर, तुम्ही सायन्सचे, जरा बघता का?' म्हणाला. रांजणात पाच-सहा अळ्या होत्या—माझ्याच डासांच्या, आणखी कुणाच्या? मी रांजणाकडे बोट दाखवलं. का? तो माझ्या परसाकडे वळत होता म्हणून. भ्यालो. नोकरी जाईल, लोक मारतील—आणि खरं सांगू? मासे उपाशी मरतील, हेही मनात आलं.

त्यानं रांजण उपडा केला. आठ दिवसांचं पाणी अंगणात जिरलं. सरूबाई हंडा उचलून पुन्हा पाण्याला गेली. चौथ्या दिवशी कमल गेली. पाच महिन्यांची पोटुशी होती. पिंप मी त्यानंतर रिकामं केलं, आधी नाही.

तेरावा झाल्यावर सरूबाई माझ्या उंबऱ्याशी येऊन बसली. 'मास्तर, तुमी शिकलेली मानसं. खरं सांगा—माज्या रांजनानंच खाल्ली न्हवं तिला?'

खोटं बोलायला थोडा तरी वेळ लागावा की नाही? मला लागला नाही. 'हो,' म्हणालो.

'बरं,' म्हणाली. उठली, पदर सावरला आणि कामावर गेली. पुढं एकोणीस वर्षं ती तेवढंच धरून जगली. मी भिंतीपलीकडेच राहत होतो.