फक्त औषधांचा भाग

महांतेशला नाही म्हणता येत नसे. मी त्याला पहिल्याच महिन्यात बजावलं होतं, "अरे, असा सगळ्यांना होय होय करत बसलास तर लोक डोक्यावर मिरे वाटतील." तो हसून म्हणाला, "वाटू देत की अक्का, डोकं रिकामंच हाय." महादेवपुऱ्यातल्या ऑफिसात आम्ही शेजारी बसायचो. तो प्रोग्रॅम लिहायचा आणि मी ते तपासायचे. त्याच्या चुका शोधायचा मला पगार मिळायचा, हे आधीच सांगून ठेवते.

तो निपाणीजवळच्या एका खेड्यातला. आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. आईच्या खोकल्यावर मी इंजिनिअर झालो, असं तो अगदी सहज सांगायचा. घरी मराठी, बाजारात कन्नड, ऑफिसात हिंदी, मेलमध्ये इंग्रजी, सगळं सारख्याच सफाईनं. मी पुण्याची. या कन्नड मुलखात नऊ वर्षांत मला 'स्वल्प' आणि 'सरी' एवढंच कन्नड आलं, त्यामुळे रिक्षावाल्यांशी माझी भांडणंही फोनवरून तोच भांडायचा. ती भांडणं तो हमखास हरायचा. दोन मिनिटांत समोरच्याच्या गावाची चौकशी सुरू व्हायची.

आमची कंपनी रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर बनवते. त्यात प्रत्येक रुग्णाचं एक लांबलचक पान असतं. वर नाव, वय, खाटेचा नंबर. त्याखाली, रुग्णाला एखादं औषध चालत नसेल, तर लाल पट्टी. मग तपासण्या, रिपोर्ट, जेवण, विमा, आणि शेवटी कधीतरी औषधं. पान छापायला घेतलं की अकरा-बारा कागद निघायचे.

एका रुग्णालयात काही दुरुस्तीसाठी महांतेशला पाठवलं. कन्नड येणारा तो एकटाच मोकळा होता. तिथल्या पुरुषांच्या वॉर्डात यल्लव्वा नावाची सिस्टर होती, पंचेचाळिशीची, अथणीकडची. आपल्याकडचा माणूस दिसल्यावर तिनं त्याला चहा पाजला आणि गाऱ्हाणं सांगितलं. "अण्णा, तीस खाटा आणि एक कंप्युटर, त्यो बी तिकडं काउंटरवर. आम्ही कागद काढून खाटंला लावतो नि त्यो बघून गोळ्या-इंजेक्शन देतो. ह्या बारा कागदांत औषध हुडकंस्तवर पेशंट बरा होऊन घरी जाईल. तेवढा औषधाचाच भाग छापून येईल असं करा की."

तिचं काय चुकलं होतं? काहीच नाही. त्यानं त्याच दुपारी ते करून टाकलं. त्या भागापाशी एक बटण दिलं. ते दाबलं की छापताना बाकीचं सगळं पान लपायचं आणि फक्त औषधांचा तक्ता कागदावर यायचा. नाव आणि खाटेचा नंबरही त्यात लपला असता, तो त्यानं आठवणीनं तक्त्यावर घेतला. वरची लाल पट्टी मात्र बाकीच्या पानाबरोबर लपली. ती त्याला दिसलीच नाही, कारण ज्या रुग्णावर तो चाचणी करत होता तिला पट्टी नव्हतीच.

हे नीट सांगायला हवं. आमच्याकडे चाचणीसाठी खोटे रुग्ण बनवतात. महांतेशनं बनवलेली रुग्ण होती आर्या, वय वर्षं चार, ताप, दिवसातून तीनदा सिरप. आर्या ही त्याची मुलगी. नवीन नाव सुचेना म्हणून त्यानं तिचं टाकलं. मी त्याला म्हटलं होतं, "हिला एखादी ॲलर्जी तरी दे. इतकी धडधाकट पोर रुग्णालयात कशाला येईल?" तो एकदम गंभीर झाला. "नको अक्का. पोरीच्या नावावर तसलं काही लिहू नये. वास्तू तथास्तु म्हणती." मी खूप हसले. मग मी तपासायला बसले आणि मीही आर्याचंच पान उघडलं. मला दुसरा रुग्ण बनवायला पाच मिनिटं लागली असती. पण मलाही कुणाच्या नावापुढे आजार लिहायचं जिवावर येतं. कॉम्प्युटरमध्ये पदवी घेतलेली मी बाई. बटण दाबलं, एक सुबक कागद बाहेर आला, मी म्हटलं, "छान झालंय, जाऊ दे." कामाची नोंद त्यानंही केली नाही, मीही केली नाही. आपल्या माणसाचं छोटंसं काम म्हणून ते शुक्रवारच्या बाकीच्या बदलांबरोबर गेलं.

वॉर्डात सगळे खूश झाले. यल्लव्वानं त्याच्यासाठी शेंगाचटणीचा डबा पाठवला. तो आम्ही दोघांनी मिळून संपवला.

पाच आठवड्यांनी तिथे वासुदेव नावाचा माणूस दाखल झाला. के. आर. पुरमला टेम्पो चालवायचा, पायाची जखम चिघळली होती. एक विशिष्ट इंजेक्शन यांना सोसत नाही, हे त्याच्या बायकोनं, चंपानं, दाखल करताना सांगितलं होतं. ते पानावर नोंदलंही गेलं आणि स्क्रीनवर लाल पट्टी उमटली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नेमकं तेच इंजेक्शन लिहिलं. त्यांनी पट्टी कशी पाहिली नाही, हे त्यांना नंतरही कुणी विचारलं नाही. यल्लव्वानं खाटेवरचा कागद पाहिला, त्यावर होतं ते इंजेक्शन दिलं, आणि वीस मिनिटांत तो माणूस गेला. बेचाळीस वर्षांचा होता.

यल्लव्वा निलंबित झाली. चौकशी समिती बसली. "पूर्वी पयल्या कागदावर लाल यायचं," ती महांतेशला फोनवर म्हणाली, "आता का आलं न्हाई, अण्णा?" त्यानं फोन ठेवला, आर्याचं पान बंद केलं आणि ज्याला पट्टी होती अशा एका रुग्णाचा कागद छापला. मग तो कागद माझ्यासमोर ठेवला. त्यावर लाल पट्टी नव्हती. खरं सांगायचं तर, वासुदेव माझ्या मनात नंतर आला. पहिला विचार माझाच आला.

आमचे मॅनेजर नागराज यांनी तोवर समितीला द्यायला एक पत्र तयार केलं होतं. 'सदर रुग्णाच्या ॲलर्जीची सूचना स्क्रीनवर ठळकपणे दिसत होती.' एवढंच वाक्य. त्यावर महांतेशनं सही करायची होती. वाक्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. मी त्याला म्हटलं, "कर सही. घरी बायको आहे, पोर आहे." तो म्हणाला, "यल्लव्वाला बी दोन पोरं हैत, अक्का. ही सही केली तर ती बाई तुरुंगात जाईल." आयुष्यात पहिल्यांदा त्यानं कुणालातरी नाही म्हटलं, आणि माझ्या मनात आलं, मेल्या, आजच कुठून शिकलास?

समितीपुढे आम्हा तिघांना बोलावलं, नागराज, तो आणि मी. समोर तीन माणसं, एका बाजूला यल्लव्वा, मागच्या खुर्चीत चंपा. महांतेशनं उभं राहून इंग्रजीत सगळं सांगितलं. छापताना पट्टी गळत होती, सिस्टरांना ते कळणं शक्यच नव्हतं, चूक त्याची होती. मला वाटलं, सुटली यल्लव्वा.

अध्यक्षांनी विचारलं, "हा बदल करायला कुणी सांगितलं?"

खोटं त्याला येत नव्हतं. "सिस्टरांनी. पण त्यांनी फक्त..."

"लेखी?"

"नाही, तोंडी."

"कंपनीनं तपासून मंजूर केला होता?"

"आमच्याकडे याची काहीही नोंद नाही," नागराज चटकन म्हणाले.

महांतेशनं माझ्याकडे पाहिलं. माझं नाव घेतलं नाही, फक्त पाहिलं. मी हो म्हटलं असतं तर तो कंपनीचा रीतसर बदल ठरला असता, आणि दोष कंपनीला घ्यावा लागला असता. हे मला तिथे बसल्या बसल्या लख्ख कळत होतं. अध्यक्षांनी मला विचारलं, "मॅडम, तपासणी तुमच्याकडे असते. तुम्ही हे पाहिलं होतं?"

मी म्हणाले, "मला आठवत नाही."

तो खाली बसला. मी खोटं बोलते आहे, असं त्यानं तेव्हाही सांगितलं नाही. मग सगळं उलटंच झालं. सिस्टरनं परस्पर सांगून सूचना छापणं बंद करायला लावलं आणि एका कर्मचाऱ्यानं कंपनीला अंधारात ठेवून ते केलं, असं कागदावर आलं. त्या बाईला वाचवायला तो उभा राहिला होता, आणि त्याच्याच तोंडच्या वाक्यानं तिच्यावर आणखी एक आरोप लागला. यल्लव्वा त्याला म्हणाली, "तुम्ही गप बसला असता तर बरं झालं असतं, अण्णा." तिची नोकरी गेली आणि पोलिसांत तिचं नाव गेलं. त्याची नोकरी त्याच संध्याकाळी गेली. पुढे महिनाभरात तो बायको-मुलीला घेऊन गावाकडे निघून गेला. मी दोनदा फोन केला, त्यानं उचलला नाही.

पण त्या दिवशी बाहेर पडताना जिन्यात मी त्याला गाठलं आणि म्हणाले, "महांतेश, मला माफ कर रे." तो पायऱ्या उतरून गेला. मागून कुणीतरी विचारलं, "तुम्ही मराठी काय, अक्का?" चंपा होती. तिचं घराणं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, बोलण्यात कन्नड मिसळलेलं. आतली इंग्रजी तिला धड कळली नव्हती, कागदाचं काहीतरी चुकलं एवढंच उमगलं होतं. "त्ये अण्णा आत बोलले ते खरं काय?"

"खरं आहे," मी म्हणाले.

"तुम्हाला ठावं होतं?"

"हो."

"मग आत का नाही सांगितलंत?"

"माझी नोकरी गेली असती," मी म्हणाले. दुसरं काही सुचलं नाही, आणि खरं तेच होतं.

ती ओरडली नाही, रडलीही नाही. मला बातमी कळली नसावी, असं वाटून सांगावं तसं ती हळू म्हणाली, "आमच्या ह्यांचा जीव गेला की, अक्का."