डाबा खूणा

दुरुस्तीला आमच्याकडे आले की भाऊ आधी कॉम्प्युटरकडे बघायचेसुद्धा नाहीत. सरळ मोरीत जायचे, नळाला हात लावून क्षणभर उभे राहायचे आणि कोरड्या हातांनी बाहेर यायचे. पहिल्या खेपेला मला वाटलं, तहान लागली असेल, मागायला लाजत असतील. मी तांब्याभर पाणी दिलं. दुसऱ्या खेपेलाही दिलं. तिसऱ्या खेपेला ते म्हणाले, "ताई, पोट तटतटलं माझं. अंगातली वीज उतरावी म्हणून नळाला हात लावतो. नाहीतर चिपला झटका बसतो."

मी अमरावतीची सायन्स ग्रॅज्युएट होते, हे त्यांना तेव्हा सांगितलं नाही. पुढेही नाही.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, यंत्राची तब्येत विचारणारी. हे मूळचे शिरपूरकडचे. सुरतेच्या उधन्यात कितीतरी वर्षं लूम फिटर होते, यंत्रमाग दुरुस्त करायचे. मागाच्या खात्यातली धूळ छातीत बसली, डॉक्टरांनी लूम सोडायला लावलं, तेव्हा चाळिशीत क्लास लावून कॉम्प्युटर दुरुस्ती शिकले. "इथं धूळ नाही," असं म्हणत कॉम्प्युटरचा डबा उघडायचे, आत पंख्यावर बोटभर धूळ असायची. मग हसायचे आणि हसण्याचा खोकला व्हायचा. खोकला थांबला की म्हणायचे, "काही नई व्हस." त्यांच्या अहिराणीत काही होत नाही म्हणायची ही रीत. प्रोसेसरच्या पिनांना ते पाय म्हणत. मी जवळ गेले की हात आडवा घालत, "दमानं, ताई. हिला परत पाय फुटत नाहीत."

आमच्या ह्यांची मिल बंद पडली होती आणि घर माझ्या साडीच्या डिझाइनवर चाललं होतं. एका शेठचं काम मिळे. पण माझा जुना फोर एटी सिक्स कॉम्प्युटर म्हणजे गोगलगाय. पडद्यावर एक वेल उमटेपर्यंत कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायच्या. शेठनं शेवटी सांगितलं, शनिवारी सकाळी पूर्ण बॉर्डर दाखवा, नाहीतर मी दुसरीकडे बघतो. दुसरीकडे बघणं म्हणजे काय, ते मला कळत होतं. मी भाऊंना म्हटलं, काहीही करा.

बुधवारी ते नवा प्रोसेसर घेऊन आले. डबा उघडला, जुना प्रोसेसर हळूहळू उचकटून काढला, नवा काळ्या स्पंजातून बाहेर काढायला गेले आणि खोकला आला. या वेळी तो थांबेना. रुमालावर लाल दिसलं. त्यांना रिक्षातून मोठ्या दवाखान्यात नेलं. कॉम्प्युटर तसाच, पोट उघडं टाकून पडलेला.

गुरुवार गेला. शुक्रवारी सकाळी तळमजल्यावरच्या गुजराती बेननं हाक मारली. इमारतीत फोन तेवढा त्यांच्याकडे. पलीकडे भाऊ होते, दवाखान्याबाहेरच्या बूथवरून. आवाज कमी, धाप जास्त.

"ताई, मी काय आज येत नाही. तुम्हीच बसवा. सोपं आहे. चिपवर ठिपका आहे ना? तो डाबा खूणा. ध्यानात ठेवा. डाबा खूणा." आणि लाइन गेली.

सुरतेत राहून अर्ध्या मराठी माणसांच्या बोलण्यात गुजराती मिसळते, तशी त्यांच्याही मिसळली होती. माझ्या मात्र नाही. सहा वर्षं झाली तरी मला गुजरातीत फक्त भाजीचा भाव करता येत असे, तोही वाईट. मी ऐकलं, "दाबा खूण." खूण म्हणजे तो ठिपका, हे तर उघडच. मी "दाबा खूण, दाबा खूण" घोकत तीन जिने चढले. नळाला हातसुद्धा लावला, एवढी हुशार. चिप ठेवली, ठिपक्यावर अंगठा टेकवला आणि सगळं वजन टाकून दाबलं.

बारीक कचकच झाली. ती अजून माझ्या दातांत आहे.

खाली धावत गेले. बेननं ऐकून घेतलं आणि स्वतःचा डावा हात वर केला. "डाबो एटले आ हाथ, बेन. ने खूणो एटले..." असं म्हणत त्यांनी भिंतीचा कोपरा दाखवला. ठिपका डाव्या कोपऱ्यात ठेवायचा होता. त्या वेळच्या माझ्यातल्या त्या हुशार बाईला आज भेटले असते तर कान धरून तिला तिथंच, त्या डाव्या कोपऱ्यात उभी केली असती. तेव्हा मात्र मी बेनच्या ओट्यावर बसून रडले. बेननं दवाखान्यात निरोप पाठवला. मी नको म्हटलं नाही.

दुपारी भाऊ दारात. शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

"सोडलं दवाखान्यातून?"

"सोडलं."

डाव्या हाताच्या पाठीवर चिकटपट्टी होती आणि तिच्याखाली सलाइनची सुई तशीच होती. मी ती पाहिली. शनिवार आठवला. मी चिप त्यांच्या हातात दिली.

त्यांनी चिप उजेडात धरली. एका कोपऱ्यातले पंधरा-वीस पाय आडवे झोपले होते. "माझंच चुकलं, ताई. तुमच्याशी मराठीत बोलायला पाहिजे होतं," ते म्हणाले. मग खिशातून लूमवर धागा ओवायचा बारीक आकडा काढला. श्वास ओढून घ्यायचा, आत धरायचा, आकड्यानं एक पाय केसभर उभा करायचा, श्वास सोडायचा, तोंड फिरवून खोकायचं, हात स्थिर होईपर्यंत थांबायचं. मग पुढचा पाय. ज्या माणसाला श्वासच पुरत नव्हता, तो माझ्यासमोर बसून श्वास धरत होता. मी बॅटरी धरून उभी होते आणि मनात म्हणत होते, आता खोकू नका, हा एवढा होऊ द्या, आता नका.

"भाऊ, थोडं टेकता का?" एकदा विचारलं खरं.

"टेकलो तर उठायचा नाही."

चार वाजता त्यांनी चिप बसवली, ठिपका डाव्या कोपऱ्यात. बटण दाबलं. पडदा काळाच. त्यांनी चिप काढली, एका पायाला पुन्हा आकडा लावला, पुन्हा बसवली. एक बारीक बीप वाजली आणि पडद्यावर आकडे धावायला लागले. भाऊंनी खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलं.

मी त्यांना जवळजवळ उठवूनच खुर्चीत बसले. बॉर्डर उघडली.

"येऊ का, ताई?"

"हो, या," मी म्हटलं. मान वळवली नाही.

शनिवारी बॉर्डर पास झाली. काम राहिलं, घर राहिलं. त्याच दिवशी बेन म्हणाल्या, "तुमचे भाई काल फार वेळ दादराच्या पायरीवर बसले होते. दुसऱ्या माळ्यावर. मला वाटलं, तुम्ही येताय मागून."

पंधरा दिवसांनी मी कोसाडला त्यांच्या घरी गेले, तर त्यांचा हार घातलेला फोटो भिंतीवर लागलेला होता. त्यांची बायको म्हणाली, त्या दिवशी दवाखान्यातून न सांगता निघाले होते, कुठं गेले होते कोण जाणे. मी समोर बसले होते. सांगितलं नाही.

ते एक मजला खाली पायरीवर बसले होते, तेव्हा मी काय करत होते ते मला नेमकं आठवतं. पडद्यावर वेल सरसर उमटत होती. पूर्ण झाली की मी ती पुसत होते आणि पुन्हा उमटताना बघत होते.