बोरीची दोन पानं

मंडळी, आज चंद्रपूरच्या हस्तकला बाजारात डोकं फिरलं.

मी आणि माझ्या जोडीदार सखूबाई बोरीचं खरं पान मेण लावून मातीत लिंपून जाळतो आणि आत उरलेल्या पोकळीत पितळ ओततो. त्यामुळे कानातल्यांच्या जोडीतली दोन पानं कधीच सारखी होत नाहीत.

एक गिऱ्हाईक म्हणाली, "दोन्ही एकसारखे काऊन नाई? तिकडे मशीनचे बरोब्बर भेटून राह्यले."

"तुमचे दोन्ही कान तरी सारखे आहेत का?" मी विचारलं.

आम्ही भांडत असताना सखूबाईंनी गिऱ्हाईक जाईल म्हणून घाबरून कानशीने दोन्ही पानांच्या शिरा घासून सपाट केल्या.

"आता तर साधेच दिसते," म्हणत गिऱ्हाईक निघून गेली.

सखूबाई हळूच म्हणाल्या, "बाई, पुढच्या बाजारात मशीनचेच आणू."

मी ती घासलेली पानं रुमालात बांधून ठेवली. तुम्ही त्यांना काय सांगितलं असतं?