ऐकू आलं होतं

बेसिंगस्टोकला एका डॉक्टरांच्या घरी गणपती होता. मी नर्स, वॉर्डातल्या म्हाताऱ्या माणसांत रमणारा. कुणीतरी विचारलं, पुढं काय? तोंडात मोदक असतानाच मी फुशारकीनं सांगितलं, नर्स प्रॅक्टिशनरचा कोर्स करतोय. म्हणजे पेशंट आपणच तपासायचा, औषधही आपणच लिहायचं. आणि शाखा घेणार वृद्धांची.

डॉक्टरांनी माझं आडनाव विचारलं. ऐकलं. हसून म्हणाले, "म्हणजे म्हाताऱ्यांची घाण काढायची. इंग्लंडात येऊनही पिढीजात कामच."

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी. मोदक नाकात गेला. वर, कुणी सांगितलं नसताना, सगळ्यांच्या प्लेटा उचलून सिंकमध्ये ठेवून आलो.

सोमवारी कोर्सच्या फॉर्मवर 'वृद्ध' खोडून 'इमर्जन्सी' लिहिलं. तिथं सायरन, धावपळ, रुबाब. घरी आरशासमोर स्टेथोस्कोप कानात घालून ऐटीत उभाही राहिलो. उलटा घातला होता.

त्याच आठवड्यात वॉर्डात एक मराठी आजी आल्या. खुबा मोडलेला. तापात इंग्रजी पार विसरलेल्या. "अहो, लघवीला लागलीय. कुणी आहे का?" बाकीच्या नर्सना वाटलं, बरळतायत. मला शब्दन् शब्द कळत होता. पण मराठीत बोललो की आडनाव निघणार. तेही हातात बेडपॅन असताना. मी फाइल वाचत वाचत पुढं गेलो. फाइल भलत्याच पेशंटची होती.

वीस मिनिटांनी परतलो तर चादर भिजलेली. आजींनी ब्लँकेटचं टोक पदरासारखं तोंडावर ओढलेलं. कुडकुडत होत्या.

"आजी, मी आलोय," म्हणालो.

ब्लँकेट खाली आलं. "मराठी आहेस? मघाशी इथनंच गेलास ना रे?"

"हो. ऐकू आलं होतं."

त्यांनी विचारायच्या आत आडनावही सांगून टाकलं. त्यांनी ब्लँकेट बाजूला सारलं.

"बरं. आधी मला कोरडं कर."

केलं. माफी मागायला तोंड नव्हतं. त्यांनीही दिली नाही. डॉक्टरांना मी जन्मभर शिव्या घातल्या असत्या, आणि हक्कानं. पण त्या वीस मिनिटांत मी डॉक्टरांच्याच शेजारी उभा होतो, आणि ओल्यात होत्या त्या आजी.

फॉर्म परत मागितला. 'वृद्ध' लिहिलं. कोर्सची ट्यूटर म्हणाली, इमर्जन्सीत बढती लवकर मिळते. मिळू दे. कारणाच्या रकान्यात लिहिलं: एका बाईंची हाक मला कळली होती, तरी मी गेलो नाही.

ट्यूटर म्हणाली, असलं कुणी फॉर्मवर लिहितं का, बदल.

नाही बदललं. बदलणारही नाही.