कुसुममावशीच्या दारातले बूट

आधीच सांगून ठेवतो – असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. जन्मभर इंजिनिअरिंग केलेला माणूस मी. बेसमेंटमधून आवाज आला की 'घर तापवणारी फर्नेस पेटली!' म्हणून कूस बदलणारा. तेव्हा हसायचं असेल तर खुशाल हसा...

२०१७ चा हिवाळा. कॅनडात एटोबिकोला आमच्याकडे राहणाऱ्या आईने एकच धोशा लावला होता – "कुसुमताई कुठे विसावली, ते मला कळायला हवं." कुसुमताई म्हणजे तिची थोरली बहीण. एकटी कॅनडाला आली, डॉक्टरकी केली, गोऱ्या साहेबाशी लग्न केलं... आणि आजोबांनी तिचं नाव टाकलं. तिच्या नवऱ्याचं आडनावसुद्धा घरात कुणाला ठाऊक नव्हतं. आईला आठवत होतं ते फक्त गाव – ग्वेल्फच्या पलीकडचं, इंग्रजांनी वसवलेलं एक खेडं.

गेलो. बर्फ नुकताच थांबलेला, गावातल्या एकमेव चर्चच्या आवारात, थडग्यांमध्ये, एक पाऊल उमटलेलं नाही. आणि मी काय केलं? देवाचं दार दिसलं, सवयीने विंटर बूट पायरीवर काढले आणि मोज्यांवर आत!

ऑफिसात शेरिल नावाच्या सेक्रेटरीबाई होत्या. त्यांना मी आमच्या घराण्याची इत्थंभूत माहिती दिली – गोत्र, कुलदैवत, मूळ गाव, मावशीचं माहेरचं आडनाव. मावशी डॉक्टर होती, एवढंच सांगायचं राहिलं! बाईंनी दफनाच्या नोंदी चाळल्या. "सॉरी, या आडनावाचं इथे कुणीच नाही."

बाहेर आलो तर बूट गायब.

"शेरिल, तुमच्या चर्चमध्ये चोर आहेत!" मी ओरडलो. त्या दारात आल्या, लांबवर बोट दाखवून म्हणाल्या, "आर दोज युअर्स?"

कुंपणालगतच्या एका थडग्यासमोर माझे बूट. जोडीने, टाचा जुळवून, टोकं दगडाकडे. मधला बर्फ कोरा. गाडीपासून दारापर्यंत माझी पावलं, बस्. माणसाची नाहीत, कुत्र्याचीही नाहीत.

मोज्यांवर उड्या मारत पोचलो. दगडावर नाव – कुसुम पार्कर. खाली इंग्रजीत – 'आमच्या गावाची डॉक्टर'.

"ओ माय गॉड, डॉक्टर पार्कर!" मागून शेरिल किंचाळल्या. "माझा नवरा हिच्याच हातून जन्मला! बर्फाने रस्ते बंद झाले की ट्रॅक्टरवर बसून जायची म्हणे बाळंतपणाला. ती डॉक्टर होती हे आधी नाही का सांगायचं?"

पायांचं लाकूड झालं होतं, पण छाती अशी फुगली की जॅकेटची चेन लागेना.

घरी आईला सांगितलं. ट्रॅक्टरचं ऐकून ती ताठ बसली. "बाबांना ऐकवायला हवं होतं हे." मग बुटांचं सांगितलं, तशी खुदकन हसली. "लहानपणी देवळाबाहेर माझ्या चपला दरवेळी हरवायच्या रे. ताईच शोधायची. आणि अशीच जोडीने मांडून ठेवायची."

"डॅड, इट वॉज द विंड," मुलगा म्हणतो. एवढे जड बूट, तेही टाचा जुळवून? मी वाऱ्याची बरीच गणितं मांडून पाहिली...

मे महिन्यात आईला घेऊन गेलो. आईसाहेबांनी मुद्दाम चपला चर्चच्या पायरीवर काढल्या! आत जाऊन आलो, तर चपला जिथल्या तिथे. मी हिरमुसलो. आई मात्र त्या पायात सरकवत कुंपणाकडे चालू लागली.

"आता कशाला हलवेल ती? मला तिचं घर सापडलंय ना."