खिळ्यावरची माळ

आमच्या ह्यांचा पाय मुंबईत गोदीवर कामाला असताना सुजला. शिरेत रक्ताची गाठ झाली म्हणून तिथल्या डॉक्टरांनी रक्त पातळ करायच्या गोळ्या दिल्या. ह्यांना तुडीलला घरी न्यायला मी गेले तेव्हा मला बजावलं, "एकही गोळी चुकवू नका, गाठ छातीत जाईल. लघवी लाल होईल, घाबरू नका."

मी सातवी पास. वाडीत तेवढी शिकलेली दुसरी बाई नव्हती आणि त्याचा मला भारी ताठा. घड्याळ बघून गोळी द्यायची. लघवी लाल झाली तेव्हा तर मी खूशच झाले. पुढे ती चहासारखी काळपट झाली, तेही गोळीचंच काम समजले. डोळे पिवळे झालेले सासूबाईंनी आधी पाहिले.

"त्या गोळ्या बंद कर गो. गरम पडतात त्याला."

"डॉक्टरपेक्षा तुम्हांला जास्त कळतं?" असं बोलले मी. अजून ती जीभ छाटावीशी वाटते.

मग त्यांची माळ आणि माझी गोळी, असं दोन्ही सुरू झालं. नाते गावचा एक म्हातारा कावीळ उतरवायचा. कसल्याशा मुळीचे तुकडे दोऱ्यात बांधून माळ द्यायचा. डोक्यावर टोपीसारखी बसणारी ती माळ, कावीळ उतरेल तशी वाढत खाली येते म्हणे. एक तुटली तर असावी म्हणून त्याने दोन दिल्या. दुसरी मी गोळ्यांच्या फळीवरच्या खिळ्याला अडकवली.

माळ गळ्यात आली, मग बेंबीपर्यंत. "उतरतेय रे बाबा," सासूबाई लेकाला म्हणायच्या. हे हसायचे आणि माझ्या हातून गोळी घ्यायचे. जेवण मात्र पार सुटलं होतं.

माणसं ओळखेनात तेव्हा डोलीतून महाडला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्यांची बाटली पाहिली. "कावीळ दिसल्यावरही देत होतात? ह्या गोळ्यांनीच यकृत गेलंय. एखाद्यालाच होतं असं, पण झालं की त्याच दिवशी बंद करायच्या." मुंबईच्या डॉक्टरांना एवढं सांगता येत नव्हतं? लाल लघवीची तेवढी आठवण राहिली मेल्यांना!

तिसऱ्या दिवशी हे गेले.

घरी आलो तर खिळ्यावरची माळ फळीखाली हातभर लोंबत होती. मुळ्या वाळल्या, दोरा सैल झाला, एवढंच. खिळ्याला कुठली कावीळ! सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या, मग ओढून चुलीत घातली. बाटलीला त्यांनी हात लावला नाही.

"ती तुझी हाय," म्हणाल्या. "तू टाक."