पंपातली घोंगडी

कुरुंद्याच्या बाजूला एका वैद्यबुवांनी हळदीचा अर्क काढायचा लहानसा कारखाना घातला होता. लढाईच्या वर्षांत मी तिथं पंपावर होतो. दळलेल्या हळदीवर स्पिरिट ओतलं की ते तिचा कस घेऊन खाली उतरे. मग ते तांब्याच्या हंड्यात तापवायचं आणि वाफ थंड नळीतून नेऊन स्पिरिट परत धरायचं. हंड्यात दाट अर्क उरे. धरलेलं स्पिरिट पुढच्या हळदीसाठी वरच्या टाकीत चढवायचं काम पंपाचं. परवान्यावर स्पिरिट मोजकंच मिळे. पंप गळला की ते उडून जाई, आणि मग कामच थांबे.

पहिला पंप विहिरीवरचा होता, आत कातड्याचा वायसर. मी मोटेच्या कातड्याला चोपडतो तसं त्याला करडीचं तेल चोपडलं. आमच्याकडं कातडं म्हटलं की तेल, दुसरं काही सुचतच नाही. स्पिरिटनं ते तेल धुऊन नेलं, कातडं पापडासारखं कडक झालं आणि हंडाभर माल तेलकट निघाला.

"मोट हाकून राहिला काय रे?" वैद्यबुवा एवढंच म्हणाले.

मग त्यांनी जुना पितळी पंप आणला. त्यात कातडं नव्हतं. दांड्याभोवती दोरी ठासून वरून नट आवळायचा. सुती दोरी दबून बसे, परत फुगत नसे, आणि दांड्यापाशी पाझर सुटे. लोकर फुगते, म्हणून मी आमच्याच मेंढ्यांची नवी लोकर रिठ्यानं धुऊन वळली. गळती थांबली, पण लोकरीतलं तेल उतरून स्पिरिटला मेंढीचा वास.

"हे औषध पिऊन माणसं बें बें करतील," वैद्यबुवा हसले. मग हळूच म्हणाले, "पुनवेपर्यंत जमलं तर बराबर. न्हाई तर भट्टी इझवावी लागंल, बाबा."

काम गेलं असतं तर मला भावाबरोबर मेंढरं घेऊन लांब चाऱ्याला जावं लागलं असतं. बायकोचे दिवस भरत आले होते. तिला तशी सोडून जायचं माझ्या जिवावर आलं होतं.

घरी तिला सगळं सांगितलं. ती उठली आणि दांडीवरची घोंगडी काढून आणली. तिच्या बापानं स्वतः कातलेल्या लोकरीची होती. तो गेल्यापासून ती तीच पांघरी.

"हिच्यात कुठं तेल राह्यलंय? इतक्या वर्षांची धुतलेली."

मी घोंगडीकडं बघत राहिलो.

"काहून बघून राहिले? लेकराला बाप घरी पाह्यजे का घोंगडी?"

मी नको म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. तिनंच काठापासून उसवायला घेतलं, मी तीन पदरी वेणी घातली. दुसऱ्या दिवशी पंप चालला. ना थेंब, ना वास. आमची मुलगी झाली तेव्हा मी घरातच होतो.

पण ती दोरीही झिजायची. दर हंगामाला घोंगडी थोडी आखूड होई. पुढं पुढं मी नवा तुकडा मागायचं टाळू लागलो. नटच थोडा जास्त आवळायचा, पाझराखाली वाटी ठेवायची, वाटीतलं पुन्हा हंड्यात. "गळतंय की रे," वैद्यबुवा म्हणत. मी म्हणे, "बघतो." थंडीत बायको मुलीला उरलेल्या घोंगडीत गुंडाळून स्वतः लुगड्याचा पदर ओढून निजे, आणि मला झोप येत नसे.

अठ्ठेचाळीस साली कारखाना बंद झाला. पंप मोडीत जाण्याआधी मी त्यातली दोरी काढून घरी आणली. तिनं ती नाकाशी धरली.

"बाचा वास न्हाई राह्यला," ती म्हणाली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमच्या हाताचा येतो."

तिनं ती दोरी घोंगडीच्या उसवलेल्या काठाला शिवून टाकली. मी सुईत दोरा ओवून दिला. त्याहून जास्त मला काही करता आलं नाही.